तरवडाची तहान

दुपारच्या शांततेत परसातलं यंत्र 'टक्' वाजलं. झाडांच्या मुळांवर लक्ष ठेवणारं ते यंत्र महिनाभर मुकं होतं. कस्तुरीनं धावत जाऊन पडदा पाहिला. तरवडाचं मूळ कुजलं होतं.

रानातला तरवड संपला, तेव्हा उरलेली सात रोपं सात घरांना जपायला दिली होती. "याला पाणी लागत नाही. लाड करू नका," रोप देणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. उन्हाळ्यात त्यानं पानं गाळली आणि कस्तुरीला राहवलं नाही. माणशी दोन लिटर मिळणाऱ्या पाण्यातलं आपलं एक भांडं ती रोज त्याला घालत राहिली.

"अगं, झोपला होता तो नुसता," नवरा श्रीरंग म्हणाला. "यंदा शेंगा आल्या असत्या. बी मिळालं असतं."

"तहानलेल्या लेकरासारखा दिसायचा रे. कसं बघवणार?"

पाच वर्षांची ओवी वाफ्यापाशी येऊन बसली. वाळलेल्या फांदीवर हात ठेवून म्हणाली, "आई, मीपण माझ्या बाटलीतलं अर्धं पाणी त्याला द्यायचे. मला तहान लागली तरी. मग तो कशानं मेला?"