तिरका देठ

हत्तीण मेलेली दिसली की तिच्यावर हिरवी डहाळी ठेवल्याशिवाय केनियातला सांबुरू माणूस पुढे जात नाही. सासूबाईंबरोबर चाललेली नाइसुलाही डहाळी घेऊन वाकली. इकडच्या हत्तिणींनाही सुळे असतात; हिचे कुणा नतद्रष्टाने कापून नेले होते. कळपाने जाताना तिच्यावर फांद्यांचा ढीग घातला होता आणि त्याच्या तळाशी एक सुकलेली डहाळी होती. “हत्तींचीच असेल गं,” सासूबाई म्हणाल्या. पण हत्ती फांदी पिळून मोडतो, सालीच्या चिंध्या होतात. हिचा देठ सुऱ्याने साफ कापलेला, तोही नेहमीच्या उलट बाजूला तिरका. म्हणजे कळपाच्याही आधी आपल्यातलाच कुणीतरी येऊन गेला होता. सुळे नेताना त्याला रीत मोडवली नव्हती. मागून नवरा आला. “सरक, मलाही ठेवू दे,” म्हणत त्याने डाव्या हाताने डहाळी छाटली. तिने दोन्ही देठ जुळवून पाहिले. “तुम्ही एकदा ठेवलीत की,” ती हळूच म्हणाली, “परत कशाला?”