एकच वाक्य

गावाची भरभराट व्हावी म्हणून इलोइलो शहराजवळच्या आमच्या नगरपालिकेने तरुणांना फुकट जपानी शिकवायला घेतलं. मास्तर मीच. यंदा नाव नोंदवायला बहात्तर वर्षांच्या पुरिंग आजी आल्या, तेव्हा मला हसूच फुटलं.

"काय आजी, या वयात जपानला नोकरी?"

"डोंबलाची नोकरी! माझी लेक तुझ्याच पहिल्या तुकडीतली. ओसाकाला गेली, तिकडेच संसार थाटला. चांगलं शिकवलंस हो."

मी खूश झालो. "मग तुम्हाला काय शिकवू?"

"एकच वाक्य. नातू फोनवर दिसतो, पण त्याला आपली बोली येत नाही. आम्ही नुसते एकमेकांकडे बघून हसतो."

"कुठलं वाक्य?"

 

"जेवलास का?"