दोन मिनिटांची शांतता

"अकरा नोव्हेंबरला अकरा वाजता इथे काय करतात?" हेमंतने पुस्तकात बघून विचारलं.

"युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतात," मृणाल म्हणाली. उत्तर बरोबर होतं, तरी तिच्या मनगटावरच्या पट्ट्याचा दिवा लाल झाला. ब्रिटिश नागरिकत्वाच्या परीक्षेत आता नुसती घोकंपट्टी चालत नसे. मनातलं दुःख खरं असेल तरच दिवा हिरवा होई.

परक्या सैनिकांसाठी तिला खरं दुःख होईना. म्हणून सरावाच्या पहिल्या दिवसापासून ती आईलाच आठवायची. इस्लामपूरला आई गेली, तेव्हा नागरिकत्वाचा अर्ज चालू असल्यामुळे मृणालला ब्रिटन सोडता आलं नव्हतं. अंत्यदर्शन फोनवर घेतलं होतं. दिवा लगेच हिरवा व्हायचा. तीन महिने, रोज सकाळी दहा-दहा वेळा.

आज तिने डोळे मिटले. आईचा चेहरा आला, नाकातला कापूस आला, अंगणात जमलेली माणसं आली, आणि सगळं सरसर निघूनही गेलं. दिवा लाल होता.

"परवा परीक्षा आहे गं," हेमंत हळूच म्हणाला. "आईंना आठव ना."

"आठवतेय ना," मृणाल म्हणाली. "पण आता आई पाठ झालीय रे मला."