बांगडीतल्या पिना

सौंसरच्या मैदानावर जिल्हा संघाच्या निवडीसाठी मुलींची शर्यत होती. जयश्रीनं लेकीच्या छातीवर नंबरचा कागद पिनांनी लावला आणि शर्यत घेणाऱ्या सरांना गाठलं. “सर, ती चंचल मागच्या वर्षी पोरगा म्हणून पोरांत धावली, आता पोरींत काहून? माही केतकी दोन वर्षांपासून घाम गाळून राहिली. तिची जागा गेली तं?” “आज धावू द्या, ताई. पुढचं वरचे ठरवतील.” परतताना चंचल दिसली, दोन्ही हातांनी कागद छातीशी धरून एकटीच उभी. तो लावायला सर सोबतच्या मॅडमकडे बोट दाखवत होते, मॅडम सरांकडे. जयश्री बांगडीतल्या पिना काढत तिच्यापुढं वाकली. बोटांखाली चंचलचं काळीज धडधडत होतं, मघाशी केतकीचं धडधडलं तसंच. “काकू, मला धावू नका देऊ म्हणून तुम्हीच सांगत होत्या ना?” “हो. अजूनही सांगते.” जयश्रीनं दुसरी पिन उघडली. “हालू नको बाई, टोचंल.”