झोपकाकांची चाचणी

झोपकाका पुन्हा झोपले. आठव्या नमुन्यावर.

भाचा शेजारी खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होता. हे बाक त्याने जीव ओतून वाईट केलं होतं. मध्ये दोन लोखंडी हात, बैठकीला पुढे उतार आणि पाठीला उंचवटे, कोणीतरी सतत कोपराने ढोसत असल्यासारखे. झोपकाकांनी एक पाय लोखंडी हाताखालून सरकवला, दुसरा वरून टाकला, पिशवी पोटाशी धरली आणि बघता बघता घोरायला लागले.

"झोपला?" मामांनी दारातून विचारलं.

"झोपले."

"हा माणूस आहे की पोतं?"

कारखाना मामांचा होता. शहरातल्या सगळ्या बागांसाठी नवी बाकं करायचं काम मिळण्याच्या बेतात होतं. अट एकच: बाकावर बसता आलं पाहिजे, झोपता येता कामा नये. आणि ते खऱ्याखुऱ्या बेघर माणसावर तपासून दाखवायचं. म्हणून मामांनी बसस्टँडमागून झोपकाकांना आणलं होतं. दुपारचं जेवण, रोजची मजुरी, आणि काम म्हणजे झोपायचा प्रयत्न करणं. इतका प्रामाणिक कामगार मामांना आजवर मिळाला नव्हता. तेच तर दुखणं होतं.

पहिला नमुना म्हणजे साधं सपाट बाक, नुसतं तुलनेसाठी. त्यावर ते झोपले, ते ठीकच. मग भाच्याने हात बसवले. उतार दिला. एकदा तर बैठकच काढून टाकली आणि टेकायला नुसता एक आडवा पाइप ठेवला. त्यावर काका वाळत घातलेल्या सतरंजीसारखे लोंबकळले आणि तसेच झोपले.

"खिळे ठोकायचे का?" मामा म्हणाले.

"मग बसणार कोण?"

मामा खरंच विचारात पडले.

आज त्यांनी भाच्याला बाजूला घेतलं. "हे बघ, नववं शेवटचं. त्यावरही हा पसरला तर काम गेलं. काम गेलं की तूही गेलास. बहिणीला काय सांगायचं ते मी बघतो."

भाच्याला जायचं नव्हतं. घरी वडील 'तरी मी सांगत होतो' म्हणायला टपलेलेच होते. पण इथे तरी त्याचं कोण होतं? या शहरात येऊन वर्ष होत आलं, आणि भाड्याच्या खोलीत शिरला की सकाळपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. त्याला सोबत करणारा माणूस अख्ख्या शहरात एकच, आणि तो झोपलेला असायचा. तरी भाचा रोज दुपारभर तिथून हलत नसे. चाचणीवर लक्ष ठेवायचं म्हणून. काकांच्या तोंडावर माशी बसली की हळूच हाकलायचा. हे नियमात बसतं का, ते त्याने कोणाला विचारलं नव्हतं.

नववं बाक तयार झालं त्या दिवशी मामांनी त्याला रंगाचे नमुने आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं. तो परतला तर मामांनी त्याला चक्क मिठी मारली. जन्मात पहिल्यांदा.

"जागा! अख्खी दुपार टक्क जागा! मी जेव्हा जेव्हा डोकावलो, तेव्हा माझ्याकडेच बघत होता! शाब्बास रे पठ्ठ्या!"

भाचा धावतच आत गेला. झोपकाका बाकाच्या कडेवर बसले होते. पिशवी मांडीवर, डोळे तांबारलेले.

"काका, नेमकं कुठे टोचलं? पाठीत? कमरेत?"

"टोचलं कुठे? मागच्यापेक्षा बरंच आहे हे."

"मग झोप का नाही लागली?"

हा काय प्रश्न झाला, असं काकांनी त्याच्याकडे बघितलं. "आज तुम्ही नव्हता ना, साहेब."

"माझा काय संबंध?"

"अहो, बाहेर मी कुठे झोपतो? डोळा लागला की पिशवी जाते, नाहीतर कोणीतरी काठीने ढोसतं. बसूनच असतो. इथे तुम्ही असता बाजूला."

भाचा भिंतीशी ओळीने मांडलेल्या नमुन्यांकडे बघत राहिला. बाहेर बागेत सगळेच पास होते. पहिलं, साधं, सपाट, तेसुद्धा.

तेवढ्यात मामांचं डोकं दारातून आत आलं. "उद्या समिती येतेय, आठ जण! स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय म्हणतात. त्यांच्या खुर्च्या ऑफिसात मांड, खिडकीतून बघतील. इथे आत एकानेही यायचं नाही. तूसुद्धा." डोकं गेलं.

काका म्हणाले, "आठ माणसं? आणि आठही मलाच बघत बसणार?"

"हो."

"बसूनच राहणार? मध्ये उठून जाणार नाहीत?"

"नाही जाणार."

काकांनी पिशवी काखोटीला मारली. "मग उद्या जरा लवकर येतो."

ते गेले. उद्या या वेळी आपण सामान घेऊन गाडीत बसलेलो असू, हे भाच्याला कळत होतं. त्याने ऑफिसातल्या खुर्च्या एकेक करून आत आणल्या आणि बाकाला अगदी लागून, गोल मांडल्या, आजारी माणसाच्या उशापायथ्याशी घरची मंडळी बसतात तशा.