तांदळात लिहिलेलं नाव

"आजी, कुलवृत्तांतात आम्ही तुम्हाला चुकून मारलंय," मी ओशाळून म्हणालो. छपाईला जायच्या प्रतीत स्पष्ट लिहिलं होतं : उमाबाई, माहेरच्या वैशंपायन, मृत्यू १९४८, मुलगे तीन. आणि नव्वदीच्या उमाबाई तर माझ्यासमोर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मरण खरंच आहे. ती यांची पहिली बायको. पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळासकट. मुलगे माझे."

"पण दोघींचं नाव उमा?"

"लग्नात ताटातल्या तांदळांवर सासूबाईंनी यांना तेच लिहायला लावलं. म्हणाल्या, तुझ्या तोंडात तेच बसलंय, आता उगाच नवं कशाला?"

मी 'वैशंपायन' खोडलं. "तुमचं माहेरचं आडनाव?"

"आगाशे. केळशीचे."

"आणि नाव?"

त्यांचे हात थांबले. खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या त्यांच्या सत्तरीच्या थोरल्या मुलानं पेपर खाली घेतला. तोही उत्तराची वाट पाहत होता.

उमाबाईंनी टरफलं बाजूला सारली. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "दिगू, तुला मी कधी सांगितलं होतं का रे?"