शालूबाईची हाक

साखर कारखान्याची नवी सुरक्षा अधिकारी प्रियदर्शनी उसाच्या ट्रकांबरोबर आलेल्या बायकांना फलकावरचा नियम समजावत होती, "ट्रक मागे येताना धोका दिसला, तर ड्रायव्हरचं नाव घेऊन ओरडायचं. नुसतं 'थांबा' म्हटलं, तर कुणाला म्हटलं ते कळत नाही."

शालूबाईने तोंडाला पदर लावला. "आमचा डायवर म्हंजी आमचं मालकच की! पस्तीस वर्सांत उखाण्याबिगर नाव घेतलं न्हाई. ह्ये न्हाई जमायचं, म्याडम."

"जीव वाचवायलासुद्धा नाही, मावशी?"

शालूबाई हसत हसत ट्रककडे वळली.

दुपारी तिचे मालक हिंदुराव ट्रक मागे घेत होते. प्रियदर्शनी पाठमोरी उभी राहून क्रेनचा हूक तपासत होती. कारखान्याच्या घरघरीत तिला मागून येणारा ट्रक ऐकू आला नाही. ट्रक दोन हातांवर आला. शालूबाईच्या ओठांपर्यंत नाव आलं आणि तिथंच अडलं. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "आवं, थांबा!"

कचकन ब्रेक लागले. हिंदुरावांच्या एकट्याच्या ट्रकचे नव्हेत, आवारातल्या अकराच्या अकरा ट्रकांचे. प्रत्येक खिडकीतून एकेक डोकं बाहेर आलं, "काय गं?"

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीने फलकावरचा नावाचा नियम स्वतःच्या हाताने पुसला आणि लिहिलं : 'धोका दिसताच मोठ्याने ओरडावे, आवं, थांबा!'